चहातली गोळी

माझी बायको सात वर्षं अंगणात स्वयंपाक करत होती, आणि गाव त्याबद्दल माझं कौतुक करत होतं. "मास्तरांनी आईच्या दम्यापायी चूल घराबाहेर काढली बघा," असं लोक एकमेकांना सांगायचे. पावसाळ्यात तिला भिजायला नको म्हणून मी वर चार पत्रे टाकून दिले, तेव्हा तर मी आईचा आणि बायकोचा दोघींचा वाली ठरलो. मीही ते ऐकून घ्यायचो, मान थोडी खाली घालून, अगदी नम्रपणे. तो नम्रपणा आठवला की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी अंकुशराव, संतपूरच्या मराठी शाळेत मास्तर. बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातलं हे गाव. कचेरीत कानडी, बाजारात दखनी आणि घरात मराठी बोलत आम्ही वाढलो. आमच्या वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. ह्या पहिलेपणाचा माज काय असतो तो ज्याचा त्यालाच ठाऊक. कुणाचं पत्र आलं की माझ्याकडे, अर्ज लिहायचा की माझ्याकडे, ताप आला तरी माझ्याकडे. मी पत्र्याच्या डब्यात ॲस्प्रिनच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. डोकं दुखलं, अंग दुखलं, की द्यायची एक. लोक बरे व्हायचे, आणि मला वाटायचं की मीच बरे करतोय.

माझी आई चांगुणाबाई अक्षरशत्रू होती, पण भित्री कधीच नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या वस्तीनं धम्म घेतला. सत्तावन्न साल. घरातले देव नदीत सोडायचे ठरले तेव्हा भली भली माणसं टोपल्या हातात धरून मांजरेच्या काठावर घुटमळत उभी राहिली. आईनं आमच्या देवीचा टाक काढला, पाण्यात भिरकावला आणि म्हणाली, "चला, घरी ज्वारी निवडायची हाय." वडील त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. त्या टाकावर भरवसा ठेवून तिनं खूप नवस केले होते, तरी ती मागं वळून बघायला थांबली नाही. अशा बाईला मी पुढं अंधश्रद्धाळू म्हणालो.

चाळिशी उलटल्यावर तिला दमा लागला. आधी नाक चोंदायला लागलं. बाराही महिने सर्दी. मग वास येईनासा झाला. चुलीवर दूध करपून काळं झालं तरी तिला पत्ता नसायचा, वच्छला धावत येऊन उतरवायची. मग श्वासात शिटी वाजायला लागली. वच्छला म्हणजे माझी बायको. भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या श्रीपतरावांची लेक. सासूचं आणि तिचं जमायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी जमत नव्हतं असं ठरवून टाकलं.

अठ्ठ्याहत्तर साली आई भालकीला एका लग्नाला गेली होती. तिथं डोकं दुखलं म्हणून कुणीतरी दुकानातून गोळी आणून दिली. अर्ध्या तासात तिचा श्वास कोंडला, मांडवातून उचलून बाहेर आणावं लागलं. परत आल्यावर तिनं मला सांगितलं, "मला ती गोळी सोसत न्हाई." मी हसलो. मांडवात धूळ, माणसांची दाटी, वर उन्हाळा, दमेकऱ्याला आणखी काय हवं? गोळी ती गोळी. माणूस बघून वागायला ती काय सावकाराची सून आहे? असं मी तिला म्हणालोसुद्धा. त्यानंतर तिनं माझ्या डब्यातल्या गोळीला हात लावला नाही.

एकोणऐंशी सालच्या तेरा एप्रिलची दुपार. दुसऱ्या दिवशी जयंती होती आणि विहारापुढच्या मंडपात माझं भाषण होतं. विषय होता विज्ञान आणि आपण. सात पानं लिहून तयार होती. औरादहून पाहुणे येणार होते. आणि माझी आई तीन दिवसांपासून दाढ धरून कण्हत बसली होती. जेवण नाही, झोप नाही, गाल सुजलेला.

"माय, गोळी घे, तासाभरात उतरंल," मी म्हणालो.

"न्हाई रे बाबा. मला ती सोसत न्हाई. छाती धरतीय माझी."

"सगळ्या गावाची धरत न्हाई, तुझीच कामून धरतीय?"

"ते मला काय ठावं? धरतीय म्हून सांगायलेय."

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली, पण लाज वाटली की मी रागावतो, ही माझी जुनी खोड. उद्या मी चारचौघांत विज्ञानाच्या गोष्टी सांगणार आणि माझ्याच घरात माझी आई एका पांढऱ्या गोळीला भिऊन गाल धरून बसणार. पाहुणे घरी चहाला येतील, तिला विचारतील, ती हेच सांगेल. माझं हसं होईल. तिची दाढ दुखत होती याचं मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्या दुपारी मी जे केलं ते तिच्या दाढेसाठी केलं असं म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल.

वच्छला मागच्या पडवीत येसूर करायच्या नादात होती. वर्षाचा मसाला. मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. पुढच्या चुलीवर चहा उकळत होता.

"तू मिरच्या बघ," मी म्हणालो. "मायला चहा मी देतो."

"आज सूर्व्य कुणीकडून उगवला म्हणायचा?" ती हसून म्हणाली.

मी दोन गोळ्या वाटीच्या बुडानं चुरल्या, कपात टाकल्या, वर गूळ जरा जास्त घातला आणि ढवळलं. आईनं दुखऱ्या बाजूनं कप न लावता, मान तिरकी करून, फुंकर मारत मारत तो चहा पूर्ण प्याला. "लै गोड केलास," एवढंच म्हणाली. मी रिकामा कप स्वतः विसळून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कप विसळला असेन.

अर्धा तासही झाला नसेल. तिचं नाक आधी वाहायला लागलं. डोळे लाल झाले, चेहरा तापल्यासारखा झाला. मग ती गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकली आणि श्वास ओढायला लागली. शिटी पडवीपर्यंत ऐकू गेली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्दाला पुरेल एवढा वारासुद्धा छातीत शिरत नव्हता. ओठ काळपट पडले. मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. योगायोग वगैरे काही मनात आलं नाही. गोळी, एवढंच आलं.

शेजारून माझी आत्या राजूबाई खोकत खोकत आत आली. मिरच्यांचा ठसका तिच्या घरात गेला होता. तिनं आईकडे बघितलं आणि ओरडली, "जीव घ्यायलीस का ग म्हातारीचा, वच्छले! दमेकरी माणूस घरात आणि मिरच्या भाजायलीस!"

वच्छला उलथनं हातात घेऊन दारात आली. आईकडे बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या उलथन्याकडे बघितलं, आणि मला हायसं वाटलं. आई समोर तडफडत होती आणि मला हायसं वाटलं. ह्यापेक्षा नीच गोष्ट मी केलेली नाही. गोळी चुरणं ह्याच्यापुढं काहीच नव्हे.

गावातल्या गुंडेरावांनी त्यांची जीप दिली म्हणून आई वाचली. औरादच्या डॉक्टरांनी सुई टोचली, मग दुसरी टोचली, आणि दिवे लागायच्या सुमाराला तिचा श्वास जागेवर आला.

"काय खाल्लं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"चहा घेतला होता," मी म्हणालो.

"आणखी काही?"

"काही नाही."

"सुनेनं मिरच्या भाजल्या, साहेब," मागून राजूबाई म्हणाली. मी तिला अडवलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घरी आणलं आणि संध्याकाळी मी भाषण केलं. लोक म्हणत होते, राहू द्या मास्तर, आई आजारी आहे. मी म्हणालो, नाही, कर्तव्य आहे. सात पानांतल्या पाचव्या पानावर एक परिच्छेद होता. तो मी आठ दिवस आधीच लिहिला होता, आणि वाचताना गाळायचं धाडस मला झालं नाही. "आपल्यातच अशी माणसं आहेत, जी साध्या औषधाच्या गोळीला भितात. म्हणतात, मला सोसत नाही. जुने देव गेले, पण जुनी भीती गेली नाही." इथं टाळ्या पडल्या. मंडपाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्या घराकडे होतं.

घरी आलो तर आई भिंतीला टेकून बसली होती.

"चांगलं बोललास," ती म्हणाली. "ते गोळीचं माझ्यावर व्हतं न्हवं?"

"तुझ्यावर कशाला, माय."

"माझ्यावरच व्हतं. खरं हाय तुझं. तू शिकलेला हायस. मीच येडी."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी हारातली फुलं वेगळी करत बसलो.

चार दिवसांनी राजूबाईनं मेहकरला निरोप धाडून श्रीपतरावांना बोलावून घेतलं. आमच्या अंगणात वस्तीतली सात-आठ माणसं बसली. श्रीपतराव म्हणजे रांगडा, स्वतःच्या जमिनीत राबणारा, कुणापुढं न वाकणारा माणूस. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, सगळ्यांकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "पोरीचं चुकलं. माझं शिकवणं कमी पडलं. पदरात घ्या." मग लेकीकडे वळून, सगळ्यांसमोर, "माझं नाव घालवलंस तू," असं म्हणाले. वच्छला खांबामागं उभी होती. मी बाजेवर बसलो होतो. कुणीतरी मला पाणी दिलं, ते मी प्यालो.

त्या दिवसापासून तिनं चूल अंगणात नेली. कुणी सांगितलं नव्हतं. भाकरी, भाजी, चहा, सगळं बाहेर. फोडणी घालण्याआधी ती आत येऊन सासूच्या छातीला कान लावायची. येसूर करणं बंदच झालं. बायका तिला मिरचीवाली म्हणायच्या, आधी पाठीमागं, मग तोंडावर. उन्हात तिचा चेहरा रापला. आई तिला म्हणायची, "आत ये ग, मला काई व्हत न्हाई." ती म्हणायची, "नगं, आत्याबाई. एकदा झालं ते बस झालं." मी गोळ्यांचा डबा परसात पुरून टाकला आणि पुन्हा घरात तसली गोळी येऊ दिली नाही. आईला ताप आला तर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवायचो, अंग दुखलं तर तेल चोळायचो. म्हणजे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मी स्वतःला जागाच ठेवली नव्हती.

शहाऐंशीच्या जानेवारीत आई तुरीच्या रानातून येताना बांधावरून घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. तिला घेऊन मी आणि वच्छला बिदरला गेलो. तिथल्या नौबाद भागात डॉक्टर रेवणसिद्धप्पांचा हाडांचा दवाखाना होता. डॉक्टर कानडी, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी हाताचा फोटो काढला, प्लास्टर घातलं. आई वेदनेनं घामाघूम झाली होती. कंपाउंडर टेबलावर दोन गोळ्या आणि पाण्याचा पेला ठेवून गेला.

डॉक्टरांचं लक्ष तिच्या श्वासाकडे गेलं. "अव्वा, दमा आहे?" त्यांनी आईला विचारलं. मग बॅटरी घेऊन तिच्या नाकात बघितलं. "नाकात मांस वाढलंय. वास येतो का?"

"वास कशाचा, साहेब. धा-बारा वर्सं झाली."

डॉक्टरांनी टेबलावरच्या गोळ्यांकडे बघितलं. "अव्वा, नीट आठवून सांगा. अंगदुखीची, डोकेदुखीची गोळी खाऊन कधी श्वास लागलाय?"

मी आईकडे बघितलं. ती सांगेल, भालकीचं सांगेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि जराशी ओशाळून हसली.

"न्हाई साहेब. मला आधी तसं वाटायचं. भालकीला एकदा झालं व्हतं, पर ते माझ्या मनाचं व्हतं. माझा पोरगा मास्तर हाय, त्यानं समजावलंय मला. तसली भीती ठिवू नये. द्या, घेते मी."

"त्यानंतर कधी घेतली का?"

"न्हाई, कधीच न्हाई. लै मोठा दम एकदाच लागला, पर तो मिरचीच्या ठसक्यानं." तिनं डाव्या हातानं वच्छलाचा हात थोपटला. "ही माझी सून. हिच्याकडून चुकून झालं ते. गुणाची हाय पोरगी, तवापासून जपायलीय मला."

वच्छलानं मान खाली घातली. सात वर्षांनंतर, परक्या गावात, परक्या डॉक्टरसमोर तिनं पुन्हा मान खाली घातली. डॉक्टर क्षणभर विचार करत थांबले. आईनं तेवढ्यात डाव्या हातानं गोळ्या उचलल्यासुद्धा. शिकलेल्या मुलाची आई शोभावी म्हणून ती घाई करत होती.

मी तिच्या हातावर हात मारला. गोळ्या फरशीवर पडल्या.

"ते मिरचीनं झालं नव्हतं," मी म्हणालो. "मी दिली होती. चहातून. दोन गोळ्या चुरून, तिला न सांगता. अर्ध्या तासात झालं."

डॉक्टरांनी कोणती गोळी, किती, किती वेळात, नाक वाहिलं का, असे सगळे प्रश्न विचारले आणि मी एकेकाचं उत्तर दिलं. मला सगळं तपशीलवार आठवत होतं. औरादला मात्र ह्यातलं काहीही आठवलं नव्हतं.

"हे तिच्या मनाचं नाही, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचं असं होत नाही, पण काही दमेकऱ्यांना ॲस्प्रिन आणि त्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात चालत नाहीत. मोठेपणी लागलेला दमा, कायम चोंदलेलं नाक, गेलेला वास, असं दिसलं की आधी विचारावं लागतं. जीव जातो ह्यात. तुमच्या आईनं तर कुणी न विचारताच सांगितलं होतं." मग त्यांनी एका जाड कागदावर कानडीत आणि मराठीत लिहिलं की ह्या बाईला कोणत्या गोळ्या देऊ नयेत, आणि सांगितलं की हा कागद कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवायचा. दुखण्यावर त्यांनी पॅरासिटामॉल दिली, तीही आधी अर्धीच, आणि दोन तास आम्हाला तिथंच बसवून ठेवलं.

आई त्या दोन तासांत एकदाच बोलली. "म्हंजे माझं खरं व्हतं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं भिंतीला डोकं टेकलं. "मी येडी न्हव्हते," ती म्हणाली. ती हे मला सांगत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डावा हात वच्छलाच्या हातात होता. तिनं मला शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

वच्छला बोलली ती दवाखान्याच्या पायरीवर, बससाठी थांबलो होतो तेव्हा.

"मी रोज तुमाला इचारायची. मायला बरं हाय का, चूल पेटवू का. रोज इचारायची न्हवं?"

"व्हय."

"तुमी म्हणायचे, पेटव, पर जपून." ती माझ्याकडे बघत होती. "जपून म्हणायचे तुमी मला!"

बस आली, आईला आम्ही दोघांनी चढवलं. बसल्यावर वच्छला पुन्हा म्हणाली, "माझ्या बापाला सांगा. बंद खोलीत न्हाई. त्यांनी अंगणात हात जोडले व्हते. तुमी बी अंगणातच सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही मेहकरला गेलो. आईजवळ राजूबाईला बसवलं. तिला निघताना मी सगळं सांगितलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. मास्तराचा स्वभाव. सुरुवात कशी करायची, कुठं थांबायचं, पाया कधी पडायचं.

श्रीपतराव अंगणात उन्हाला बसून तुराट्यांचा खराटा बांधत होते. खूप थकले होते. आम्हाला बघून त्यांना काय करावं आणि काय नको असं झालं. "या या, जावईबापू. बसा. वच्छे, पाणी दे त्यांना." त्या बैठकीनंतर ते आमच्या घरी आले नव्हते. मीही कधी इकडे फिरकलो नव्हतो.

"मामा, मला तुम्हाला काही सांगायचंय," मी हळू आवाजात सुरुवात केली आणि जुळवलेलं सगळं म्हणून टाकलं. ते हसतमुखानं मान हलवत राहिले.

"आबाला ऐकू येत न्हाई आता," वच्छला म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो. त्यांनी कानामागं हात धरला. "आणखी मोठ्यानं, जावईबापू. दोन वर्सं झाली, कान पार गेले बघा."

शेजारच्या घरातल्या बायका कुडावरून बघायला लागल्या. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. मी वच्छलाकडे बघितलं. तिनं नजर हलवली नाही. मग मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज काढला.

"मी आईला चहातून चोरून गोळी दिली होती! त्यानं तिला दम लागला! वच्छलाची काही चूक नव्हती! मला तेव्हाच माहीत होतं! तुम्ही हात जोडलेत तेव्हाही माहीत होतं!"

ह्या वेळी श्रीपतरावांना ऐकू गेलं होतं. त्यांच्या हातातला खराटा थांबला. मी पुढं होऊन हात जोडले आणि वाट बघत उभा राहिलो. त्यांनी मारावं, थुंकावं, हाकलून द्यावं, माझी सगळ्याची तयारी होती. तशी तयारी करूनच मी आलो होतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते लेकीकडे वळले.

"वच्छे," ते म्हणाले, "त्या दिशी तू माझ्यामागं फाट्यापर्यंत पळत आली व्हतीस. आबा, वारा उलटा व्हता, ठसका आत गेलाच न्हाई, असं सांगायलीस तू मला."

"जाऊ द्या आबा."

"मी गप बस म्हणलो तुला. तू सांगायलीस आणि मी तोंड फिरवून गाडीत बसलो. सात वर्सं झाली, इचारलं बी न्हाई परत." त्यांनी टोपी काढून जमिनीवर ठेवली. उठायला जमेना, तेव्हा बसल्या जागीच तिच्याकडे सरकले आणि तिच्यापुढं हात जोडले. "माझ्या पोटची लेक, आणि मी तिचं ऐकलं न्हाई."

"आबा, नगा, नगा असं करू," म्हणत वच्छला खाली बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. नौबादला ती रडली नव्हती. आता ती बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली, आणि म्हातारा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

त्यांच्यावर ही वेळ माझ्यामुळं आली होती, आणि आता तेच माफी मागत होते. कुडावरच्या बायका डोळे पुसत होत्या. मी अजून हात जोडूनच उभा होतो. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं मी हात खाली घेतले.